मलम लावलं की जातं, बंद केलं की येतं: बुरशीची वस्ती

आज बुरशीबद्दल बोलायचंय. पावावरच्या नाही, अंगावरच्या.

विषय निघाला तो एका व्हॉइस नोटवरून. आली होती चोरखमाऱ्याहून. गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यातलं हे गाव. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचं एक गेट इथे आहे, त्यामुळे वाघ बघायला गेलेल्यांच्या कानावर नाव असेल. बाकी हा सगळा पट्टा तलावांचा आणि धानाचा. तर तिथला आपला एक श्रोता विचारतो, "रोवणीच्या दिवसात घरात सगळ्यांच्या पायाले चिखल्या होते. मेडिकलमधून दवाई आणतो, लावली का आठ दिवसात जाते, बंद केली का पुन्हा येते. दवाई डुप्लिकेट हाय का?"

प्रश्न छान आहे, कारण हा अनुभव फक्त चिखल्यांचा नाही. नखाची बुरशी, आजीच्या कवळीखालचे लाल चट्टे, नायटा, सगळीकडे हेच ऐकू येतं. औषध लावलं की जातं, सोडलं की येतं. आणि मग आपण काय करतो? आणखी "स्ट्राँग" ट्यूब मागतो. माझं म्हणणं असं आहे की बहुतेक वेळा अडचण औषधाच्या ताकदीत नसते. अडचण ही असते की आपण त्या बुरशीला एकटी समजतो, आणि ती एकटी राहतच नाही. ती वस्ती करून राहते.

या वस्तीला विज्ञानात बायोफिल्म म्हणतात. शब्द नवा वाटेल, वस्तू तुमच्या ओळखीची आहे. तलावाच्या काठचा, कायम पाण्यात असलेला दगड आठवा. पाय ठेवला की सटकन घसरतो. त्यावर बादलीभर पाणी ओता, काही होत नाही. विटेच्या तुकड्याने घासलात तरच तो थर निघतो. माठ आठ दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत लागतो, तेही तेच. सकाळी दात घासायच्या आधी दातांवरून जीभ फिरवा, तेही तेच. जिवाणू, शेवाळ, बुरशी, ज्याला ज्याला जमतं तो एखाद्या पृष्ठभागाला चिकटतो, स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतो आणि त्या थरात राहतो.

बुरशीत या बाबतीत सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो कँडिडा अल्बिकन्सचा. ही आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेच्या घड्यांत एरवी गुपचूप राहणारी यीस्ट. एक पेशी साधारण पाच मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलीमीटरच्या अंतरात अशा दोनशे पेशी एका रांगेत बसतील. आता समजा, अशा काही पेशी एखाद्या प्लॅस्टिकच्या नळीवर येऊन पडल्या. पहिल्या तासा-दीड तासात त्या चिकटतात. त्यांच्या अंगावर चिकटण्यासाठीची खास प्रथिनं असतात. मग त्या वाढायला लागतात आणि गंमत म्हणजे रूप बदलतात. गोल पेशींमधून लांब तंतू निघतात. हे तंतू एकमेकांत गुंततात, घराच्या कुडासारखी विण तयार होते. आणि त्या कुडावर मग गिलावा चढतो. मातीचा नाही, बुरशीने स्वतः बाहेर टाकलेल्या पदार्थांचा. २०१४ साली या गिलाव्याचं सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध झालं. निम्म्याहून जास्त भाग प्रथिनांचा, साधारण पाव भाग शर्करांचा, बाकी चरबी आणि थोडा डीएनए. एक ते दोन दिवसांत वस्ती पक्की. जाडी माणसाच्या केसाइतकी किंवा त्याहून जास्त. मग वरच्या थरातून काही पेशी सुटतात आणि पुढे जाऊन नवी वस्ती करतात. गाव वाढलं की टोला पडतो, तसं.

आता या वस्तीवर औषध टाकू.

बुरशीवरची औषधं करतात काय, ते आधी दोन वाक्यांत. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी "नाझोल" किंवा "माझोल" येतं ती मंडळी, आणि टर्बिनाफिन, हे सगळे अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत कुठेतरी खीळ घालतात. अँफोटेरिसिन बी थेट त्या अर्गोस्टेरॉललाच धरतं आणि पडदा निकामी करतं.

(मध्येच एक सांगतो, कारण हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. अँफोटेरिसिनच्याच कुळातलं हॅमायसिन नावाचं औषध आपल्या पुण्याजवळ, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने मातीतल्या एका जिवाणूपासून ते वेगळं केलं. त्या जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरीच्या नावाचा जिवाणू! आणि हॅमायसिनमधलं "हॅ" म्हणजे कंपनीची आद्याक्षरं, एच आणि ए.)

तर, सुट्या तरंगणाऱ्या कँडिडाला मारायला फ्लुकोनाझोलची जितकी मात्रा लागते, त्याच कँडिडाने वस्ती केली की कधीकधी त्याच्या हजारपट मात्राही पुरत नाही. हजारपट! माणसाला इतकं औषध देणं शक्यच नाही. आणि खरी मजा पुढे आहे. त्या वस्तीतल्या पेशी सुट्या करून पुन्हा पाण्यात वाढवल्या, तर त्या पुन्हा साध्या औषधाने मरतात. म्हणजे त्यांच्यात कायमचा काही बदल झालेला नव्हता. बळ त्या पेशीत नव्हतं, वस्तीत होतं.

हे बळ येतं कुठून? एका जागेहून नाही.

पहिला अडथळा गिलाव्याचा. आधी वाटायचं की औषध त्यातून आत शिरतच नसेल. पण नुसती भिंत म्हणून पाहिलं तर तो थर तितका घट्ट नाही, बरंचसं औषध आत शिरतं. मग अडतं कुठे? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की गिलाव्यातली ग्लुकॅन नावाची शर्करा फ्लुकोनाझोलला धरून ठेवते. औषध आत येतं, पण स्पंजने पाणी शोषावं तसं वाटेतच शोषलं जातं. पेशीपर्यंत फारच थोडं पोचतं. त्यांनी ग्लुकॅन तोडणारं एन्झाइम वापरून पाहिलं, तर तेच फ्लुकोनाझोल पुन्हा काम करायला लागलं. मला हा प्रयोग फार आवडतो. औषध तेच, बुरशी तीच, मधला स्पंज तेवढा काढला.

दुसरं म्हणजे पंप. बुरशीच्या पेशीच्या पडद्यावर नको असलेली रसायनं बाहेर फेकणारे पंप असतात. शेतात पाणी साचलं की मोटर लावून उपसतो ना, अगदी तसे. पेशी पृष्ठभागाला चिकटली की हे पंप लगेच वाढतात, औषध आलेलं नसतानाही. वस्ती कोवळी असते तेव्हा मुख्य संरक्षण यांचंच. वस्ती जुनी झाली की पंपांचं महत्त्व कमी होतं. तोवर गिलावा तयार झालेला असतो आणि पडद्यातलं अर्गोस्टेरॉलचं प्रमाणही बदललेलं असतं. म्हणजे औषध ज्याला धरणार, ती वस्तूच कमी.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या "पुन्हा येते" या तक्रारीच्या सगळ्यात जवळची आहे. वस्तीत थोड्याशा पेशी जवळपास झोपलेल्या असतात. खाणं कमी, वाढ बंद. आपली बरीच औषधं वाढणाऱ्या पेशीच्या कामात खीळ घालतात. जी पेशी कामच करत नाही, तिच्या कामात खीळ काय घालणार? प्रयोगशाळेत कँडिडाच्या वस्तीवर अँफोटेरिसिनसारख्या जहाल औषधाचा मारा केला, तरी अशा काही पेशी टिकल्या. त्यांच्यापासून पुन्हा वस्ती वाढवली, तर नव्या वस्तीतही बहुतेक पेशी पहिल्यासारख्याच मेल्या आणि पुन्हा थोड्याच टिकल्या. म्हणजे टिकणाऱ्या पेशी काही वेगळ्या जातीच्या नव्हत्या. झोपेत होत्या म्हणून वाचल्या. औषधाचा जोर ओसरला की त्या जाग्या होतात.

इथे एक गोष्ट दवाखान्याच्या रिपोर्टबद्दल. कोणतं औषध चालेल हे बघण्यासाठी लॅबमध्ये जी चाचणी करतात, ती सुट्या पेशींवर होते. त्यामुळे रिपोर्टमध्ये "औषध लागू पडतं" असं येतं आणि रुग्ण मात्र बरा होत नाही, असं होऊ शकतं. रिपोर्ट खोटा नसतो. तो दुसऱ्या परिस्थितीतल्या बुरशीचा असतो, एवढंच.

आता घरात येऊ. आजी-आजोबांची कवळी. कवळीचं प्लॅस्टिक, म्हणजे ॲक्रिलिक, कँडिडाला वस्तीसाठी फार सोयीचं. कवळीखाली टाळू लाल होते, कधी आग होते, बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. डॉक्टर तोंडात टाकायचे थेंब किंवा जेल देतात, टाळू बरी होते. महिन्याभरात पुन्हा लाल. कारण उपचार टाळूचा झाला आणि वस्ती कवळीवर होती. इथे औषधापेक्षा मोठा उपचार म्हणजे कवळी रात्री काढून ठेवणं आणि रोज ब्रशने घासणं. नुसती पाण्यात बुडवून ठेवून भागत नाही, तलावाच्या दगडाचं आठवा. हे काम घरातल्या तरुण माणसाने करून द्यावं असं मला वाटतं. आजीच्या बोटांत तेवढी ताकद नसते आणि ती सांगतही नाही.

नखांचं तसंच. पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं, ठिसूळ होतं. कधी नखाखाली बुरशीचा घट्ट गोळा किंवा पिवळा पट्टा तयार होतो. त्वचारोगतज्ज्ञ त्याला डर्मेटोफायटोमा म्हणतात, आणि तो बायोफिल्मसारखा वागतो असं अनेकांचं मत आहे. नायट्याच्या कुळातल्या बुरश्या प्रयोगशाळेत बायोफिल्म बनवतात हे २०१४ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी दाखवलंय. नखाखाली असा गोळा असेल तर नुसत्या गोळ्या खाऊन नख बरं होणं अवघड असतं. डॉक्टर तो भाग कापून, खरवडून काढतात आणि मग औषध देतात. पायाच्या नखाला टर्बिनाफिनचा नेहमीचा कोर्स बारा आठवड्यांचा असतो आणि निरोगी नख पूर्ण उगवायला वर्षही लागतं. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून औषध सोडणारे माझ्या ओळखीत ढिगाने आहेत.

हॉस्पिटलमध्ये हाच खेळ जिवावर येतो. आयसीयूतल्या रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी असते, लघवीची नळी असते. त्यावर कँडिडाने वस्ती केली आणि तिथून पेशी रक्तात सुटत राहिल्या, तर औषध चालू असूनही ताप उतरत नाही. म्हणून रक्तात कँडिडा सापडली की डॉक्टर शक्य असेल तिथे शिरेतली नळी लवकर काढतात. नातेवाइकांना वाटतं, आता हे काय नवीन? तर ते वस्तीच उचलून फेकणं असतं. वस्तीवर त्यातल्या त्यात चालणारी औषधं आहेत, कँडिन गटातली, म्हणजे कॅस्पोफंजिन वगैरे. ती ग्लुकॅन तयार होण्यावरच घाव घालतात. लिपोसोमल अँफोटेरिसिनही बरं चालतं. दोन्ही इंजेक्शनं, दोन्ही महाग. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली, त्यात सगळ्यात वरच्या गटात चार नावं आहेत. त्यातल्या दोन कँडिडा आहेत, अल्बिकन्स आणि ऑरिस. ऑरिस ही २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात सापडली म्हणून तिचं नाव ऑरिस, लॅटिनमध्ये कान. आज ती भारतातल्या मोठ्या हॉस्पिटलांची डोकेदुखी आहे.

अँफोटेरिसिनचं नाव विदर्भात तरी कुणाला नवीन नाही. मे २०२१ आठवा. कोविडनंतरचा म्युकरमायकोसिस, ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते. इंजेक्शनसाठी लोक नागपूरभर फिरत होते, आणि मग वर्ध्यातल्या एका कंपनीत त्याचं उत्पादन सुरू झालं. त्या आजारात बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, त्यामुळे मेलेल्या भागात औषध पोचतच नाही. म्हणून तो भाग कापून काढावा लागत होता. कारण वेगळं, पण अडचण तीच: औषध बाटलीत असून उपयोग नाही, बुरशीपर्यंत पोचलं पाहिजे.

आता चिखल्या. रोवणीत आठ-आठ तास पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, भिजून फुगलेली, मग फाटते. त्यात कँडिडा असते, नायट्याच्या कुळातली बुरशी असते, आणि जिवाणूही असतात. ही मिश्र वस्ती. प्रयोगशाळेत असं दिसलंय की कँडिडाच्या गिलाव्यात स्टॅफिलोकोकस हा जिवाणू घुसला की तोही अँटिबायोटिकपासून वाचतो. भाडेकरूलाही घराच्या भिंतींचा फायदा.

मग आपल्या श्रोत्याचं औषध डुप्लिकेट आहे का? बहुधा नाही. आठ दिवसांत खाज जाते, कातडी वरून चांगली दिसते, म्हणून ट्यूब बाजूला पडते. आत थोड्या पेशी शिल्लक असतात, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा त्याच चिखलात. कोणतं मलम आहे त्यावर अवलंबून साधारण एक ते चार आठवडे लावावं लागतं, आणि दिसायला बरं झालं तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावायचं. ओल्या बोटांत मलम लावून फार उपयोग होत नाही. बांधीतून आलं की स्वच्छ पाण्याने पाय धुवा, बेचक्या एकेक करून सुती फडक्याने कोरड्या करा, थोडा वेळ उघड्या ठेवा, मग मलम. फडकं प्रत्येकाचं वेगळं आणि रोज धुतलेलं. गमबूट घाला असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्याने ते लिहिलं त्याने एकदा गमबूट घालून गुडघाभर गाळात रोवणी करून दाखवावी. पण बांधावरची, गोठ्यातली, पाण्यात हात-पाय घालायची बाकीची कामं बुटात होऊ शकतात, तेवढे तास तरी पाय कोरडे राहतात.

घरात कुणाला मधुमेह असेल आणि चिखल्या हटत नसतील, पाय सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, तर तो मलमाचा विषय राहिलेला नाही. फाटलेल्या कातडीतून जिवाणू आत गेले असतील. त्याच दिवशी डॉक्टर.

राहिला नायटा, म्हणजे गजकर्ण. इथे मात्र सावध करायचंय, कारण इथे सगळा दोष वस्तीवर टाकला तर ते खरं होणार नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायटा जो हाताबाहेर गेलाय, त्यामागे एक बुरशी आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला नाव दिलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला अडवतं, त्या एन्झाइमच्या जनुकातच हिच्या अनेक नमुन्यांत बदल झालेला आढळतो. म्हणजे ही पेशी सुटी केली तरी औषधाला दाद देत नाही. वस्तीतलं बळ आणि जनुकातलं बळ, हा फरक लक्षात ठेवा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही या बुरशीचे रुग्ण नोंदले गेले.

आणि तिला पसरायला रान मोकळं करून दिलं आपल्या मेडिकलमधल्या त्या ट्यूबने. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्ती झोपवतं. लाल कडा पुसट होतात, नायटा नायट्यासारखा दिसतच नाही आणि आतून पसरत जातो. जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरे-लाल चरे पडतात, ते जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम कडक केला. दुकानात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

त्यामुळे ट्यूब हातात घेतलीत की मागचं बारीक अक्षर वाचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एकही नाव दिसलं आणि डॉक्टरांनी ते लिहून दिलेलं नसेल, तर परत करा. आधीच कित्येक महिने लावत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आणि "हे नक्की बुरशीच आहे का?" हे विचारायला लाजू नका. कातडीचा किंवा नखाचा थोडा भुगा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात. साधी, स्वस्त, थोड्या वेळात होणारी तपासणी. गोंदियाला २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या त्वचारोग विभागात चौकशी करा. जायच्या आधी नखाला नेलपॉलिश किंवा मलम लावून जाऊ नका, नाहीतर नमुना नीट मिळत नाही.